७०-२०० घ्यायची की नाही, ते अंतर ठरवेल

पत्राचा सारांश: नोकरी सांभाळून फोटोग्राफी करणाऱ्या एका वाचक मैत्रिणीचं हे पत्र आहे. त्यांच्याकडे २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम मिररलेस कॅमेरा, २४-१०५ मिमी एफ/४ झूम आणि ५० मिमी एफ/१.८ एवढं साहित्य आहे. (मिमीचा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं; एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून उजेड जास्त येतो.) बरीचशी कामं पोर्ट्रेटची, अधूनमधून नृत्याचे कार्यक्रम, बक्षीस समारंभ, परिसंवाद. अलीकडे एका नृत्याच्या कार्यक्रमात त्यांनी प्रेक्षकांच्या मागून काढलेले बरेच फोटो हलले, आणि तेव्हापासून ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स घ्यायचं त्यांच्या डोक्यात आहे. त्यात साठवलेले सगळे पैसे जातील. एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘ती लेन्स नसेल तर तुला कोणी प्रोफेशनल समजणार नाही.’ दुसरे म्हणतात, ‘८५ एफ/१.८ घे आणि मोकळी हो.’ तिसऱ्यांचं मत ७०-२०० एफ/४ च्या बाजूने आहे. पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीचा खांदा दुखतो, म्हणून वजनाचीही धास्ती आहे. ‘एकाच लेन्सवर पोर्ट्रेट आणि कार्यक्रम दोन्ही निभावतील ना?’ असा त्यांचा प्रश्न. शिवाय २x टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोहोच वाढवणारा जोडभाग) आणि यूव्ही फिल्टर (लेन्सच्या पुढे लावायची काच) घ्यावेत का, हेही त्यांनी शेवटी विचारलंय.

उत्तर:

तुम्हाला तिघांनी तीन सल्ले दिले, आणि तिघंही आपापल्या जागी बरोबर असतील, कारण तिघांची कामं वेगळी असणार. तुमचं काम नेमकं कसं चालतं हे मात्र पत्रात एका ओळीत उरकलंय: ‘प्रेक्षकांच्या मागून काढले’. मला तीच ओळ सगळ्यात महत्त्वाची वाटली. ७०-२०० एफ/२.८ ही मुळात अंतरावरून काम करावं लागणाऱ्यांची लेन्स आहे. जिथे आपल्याला पुढे जायची मुभा नसते, उजेड आपल्या हातात नसतो आणि समोरचा क्षण ‘पुन्हा एकदा’ म्हटल्यावर परत येणार नसतो, तिथे तिला तोड नाही. पोर्ट्रेटमध्ये यातलं काहीच नसतं. तिथे अंतर तुम्ही ठरवता, उजेड तुम्ही निवडता, आणि समोरची व्यक्ती तुमच्यासाठीच थांबलेली असते. त्यामुळे ‘एका लेन्समध्ये दोन्ही’ या कल्पनेकडे जरा थांबून बघायला हवं.

पण आधी ते हललेले फोटो, कारण सगळी घालमेल तिथून सुरू झाली आहे.

तुम्ही पाठवलेल्या नमुन्यात नर्तकीचा चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ आहे, कपाळावरची बटसुद्धा दिसते. हात मात्र मनगटापासून पुढे पुसल्यासारखा झालाय. आता तिच्या मागचा पडदा बघा. पडद्याच्या चुण्या अगदी रेखीव आल्या आहेत. म्हणजे कॅमेरा हललेला नाही, हात हलला. हा फरक फार कामाचा आहे. कॅमेरा हलला असता तर पडदाही पुसला गेला असता, आणि तिथे लेन्समधलं स्टॅबिलायझेशन उपयोगी पडलं असतं. समोरचं माणूस हलतं तेव्हा जगातलं कुठलंही स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही. तिथे फक्त शटरचा वेग लागतो.

तुमचं सेटिंग होतं १०५ मिमी, एफ/४, शटर १/६० सेकंद, आयएसओ (म्हणजे उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील ठेवला ते) ३२००. नॉइज, म्हणजे फोटोत दाणे, येईल म्हणून आयएसओ त्याच्या वर जाऊ दिला नाही, असं तुम्ही लिहिलंय. नृत्यासाठी साधारण १/५०० तरी हवं. १/६० वरून १/५०० म्हणजे तीन स्टॉप; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. एफ/४ वरून एफ/२.८ वर गेल्यावर त्यातला एक स्टॉप मिळतो, दुप्पट उजेड, बस्स. उरलेले दोन स्टॉप आयएसओमधूनच काढावे लागतात. म्हणजे ती महागडी लेन्स त्या दिवशी तुमच्या हातात असती, तरी हात गोठवायला आयएसओ १२८०० लागला असता. तुमच्या एफ/४ लेन्सवर २५६०० लागला असता. आणि आयएसओ ३२०० वरच अडून बसला असतात तर एफ/२.८ वर शटर १/१२५ झालं असतं, आणि हात तरीही पुसलाच गेला असता. म्हणून त्या फोटोंचं खापर मी सगळं लेन्सवर फोडणार नाही. नॉइजची भीती ही इथली मोठी अडचण आहे. आजच्या फुल फ्रेम सेन्सरवर १२८०० चा नीट एक्स्पोज केलेला फोटो रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) असेल, तर नॉइज कमी करणारी सॉफ्टवेअर तो चांगला सावरतात. पुसलेला हात कुठलंच सॉफ्टवेअर परत आणत नाही.

आणखी एक गोष्ट त्याच फोटोत आहे. मागचा पडदा काळा असणार, तुमच्या फोटोत तो राखाडी झालाय आणि चेहऱ्याचा एक गाल पांढराफटक पडलाय. कॅमेऱ्याच्या मीटरला फ्रेममधला काळा भाग दिसला आणि त्याने सगळंच उजळ करायचा प्रयत्न केला. तिथे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन -१ केलं असतं, म्हणजे कॅमेऱ्याला एक स्टॉप गडद घ्यायला सांगितलं असतं, तर गालाचा तपशील वाचला असता आणि शटर आपोआप १/६० वरून १/१२५ वर गेलं असतं. एक पूर्ण स्टॉप, एफ/२.८ देते तेवढाच, एक पैसा न खर्चता. स्टेजचा उजेड एकसारखा असेल तर मी सरळ मॅन्युअलवर जाते, चेहऱ्यावर एक्स्पोजर बसवते आणि पडद्याला हवं तेवढं काळं राहू देते.

हे सगळं सांगून मी लेन्सचं महत्त्व कमी करत नाहीये. प्रेक्षकांच्या मागे उभं राहून १०५ मिमी अपुरीच पडते. तुम्ही तिथून ८५ मिमी एफ/१.८ वापरली तर १/५०० ला आयएसओ साधारण ५००० पुरेल, हे खरं. पण २०० मिमीची फ्रेम मिळवायला तो फोटो इतका कापावा लागेल की २४ मेगापिक्सेलमधले जेमतेम सव्वाचार उरतील, आणि कापल्यावर नॉइजही तेवढाच मोठा दिसेल. १३५ मिमीवरून कापलात तर साधारण ११ मेगापिक्सेल उरतात, ते बऱ्याच कामांना चालतात. पण प्राइम, म्हणजे झूम न होणाऱ्या, लेन्सला स्टेजवर दुसरीच अडचण येते. एकटी नर्तकी पुढे येते, पाठोपाठ आठ जणी रांगेत पसरतात, मग पुन्हा दोघीच उरतात. हे सगळं एका गाण्यात. लेन्स बदलायला वाव नाही आणि तुमची खुर्ची हलत नाही. झूमची किंमत तिथे कळते.

आता पोर्ट्रेट. इथे मला तुमच्या एका गृहीतकाबद्दल बोलायचंय: ‘एफ/२.८ झूमशिवाय मागचं धूसर होत नाही’.

मागची गोष्ट खूप लांब असेल तेव्हा धूसरपणा ठरतो तो लेन्सच्या प्रत्यक्ष छिद्राच्या व्यासावर, माणूस फ्रेममध्ये तेवढंच मोठं ठेवलं तर. फोकल लेंथला (लेन्सच्या मिमीच्या आकड्याला) एफ-आकड्याने भागलं की तो व्यास मिळतो. २०० मिमी एफ/२.८ चा साधारण ७१ मिमी येतो. १३५ मिमी एफ/१.८ चा ७५. ८५ एफ/१.८ चा ४७. २०० मिमी एफ/४ चा ५०. म्हणजे ज्या एफ/४ झूमला सगळे नाकं मुरडतात, ती २०० मिमीवर ८५ एफ/१.८ च्या बरोबरीने दूरची झाडं विरघळवते. आणि तुमच्याकडच्या दोन लेन्स? ५० एफ/१.८ चे २८ आणि १०५ एफ/४ चे २६. दोघींत फार फरक का वाटत नाही, असं तुम्ही लिहिलंय, त्याचं उत्तर हे.

हे गणित उघड्यावर चालतं. खोलीत, जिथे भिंत माणसाच्या मागे जेमतेम मीटरभर असते, तिथे चित्र उलटतं. डोकं-खांदे एवढीच फ्रेम घ्या: ८५ एफ/१.८ ती भिंत २०० एफ/२.८ पेक्षा थोडी जास्तच धूसर करते. भिंत दोन-अडीच मीटर मागे गेली की दोघी सारख्या होतात, आणि त्याच्या पुढे २०० मिमी बाजी मारते. त्यामुळे ‘कोणती लेन्स जास्त धूसर’ याला तुमचे पोर्ट्रेट कुठे होतात हे कळल्याशिवाय उत्तर नाही.

धूसरपणापेक्षाही मला २०० मिमीचं दुसरं वैशिष्ट्य मोलाचं वाटतं: ती मागचं फार थोडं दाखवते. कर्णावर मोजलेला तिचा दृश्यकोन जेमतेम १२ अंश, ८५ मिमीचा २८-२९. मागे गर्दी, खांब, उभी वाहनं असली तरी एक पाऊल बाजूला सरकून फक्त झाडाचा तेवढाच तुकडा मागे घेता येतो. बाहेर काम करताना हे वरदान आहे.

पण त्यासाठी जागा लागते. माणूस डोक्यापासून पायापर्यंत, थोडी मोकळीक ठेवून, म्हणजे साधारण दोन मीटर उंचीची उभी फ्रेम धरा. २०० मिमीवर त्यासाठी ११ मीटर मागे जावं लागतं. १३५ वर साडेसात. ८५ वर पावणेपाच. ७० वर जवळजवळ चार. एकदा आपल्या नेहमीच्या जागी टेप घेऊन मोजा. घरात किंवा लहान स्टुडिओत काम होत असेल तर २०० मिमी तिथे उघडणारच नाही, सगळं काम ७० ते १०० मध्ये होईल. आणि ८५ मिमीवर एफ/२.८ चं छिद्र ३० मिमी, म्हणजे तुमच्या ५० एफ/१.८ एवढंच. म्हणजे एवढी मोठी लेन्स खांद्याला लावून हातात पडणार तुमच्या छोट्या ५० एवढाच धूसरपणा. क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) वापरणाऱ्या वाचकांनी तर हे नीट बघावं: १.५ पटीच्या बॉडीवर ७०-२०० ची फ्रेम १०५-३०० सारखी होते आणि सगळ्यात रुंद ७० वरसुद्धा पूर्ण आकृतीसाठी सहा मीटर लागतात. त्यांना ५०-१४० एफ/२.८ सारखी, त्या सेन्सरसाठीच केलेली लेन्स जास्त सोयीची.

अंतराला माणसाची बाजूही आहे. अकरा मीटरवरून ‘हनुवटी थोडी खाली’ हे ओरडून सांगावं लागतं, आणि ओरडलेल्या सूचनेवर कुणाचा चेहरा सैल पडत नाही. पावणेपाच मीटरवरून बोलता येतं. दीड-दोन मीटरवरून तर गप्पा होतात. ज्यांना कॅमेऱ्यासमोर संकोच वाटतो अशांशी मी जवळ राहून बोलत बोलत काम करते. लहान मुलांचं मात्र उलटं. ती खेळात रमली की मी लांब जाते, कारण जवळ गेलं की ती खेळ सोडून कॅमेऱ्याकडे बघतात. तिथे ७०-२०० ला तोड नाही. तुमच्या पोर्ट्रेटमध्ये माणसं कशी असतात, याचा विचार मेगापिक्सेलपेक्षा जास्त करा.

एफ/२.८ घेतल्यावर ती कायम एफ/२.८ वरच वापरायची, हाही एक समज आहे. तीन मीटरवरून २०० मिमी एफ/२.८ ला डोकं-खांद्यांची फ्रेम घेतली तर फोकसची जाडी चार सेंटिमीटरही भरत नाही. जवळच्या डोळ्याच्या पापण्या मोजता येतात आणि कान विरघळलेला असतो. चेहरा जरा वळला की लांबचा डोळाही जातो. एका व्यक्तीला हे शोभून दिसतं. दोघं असतील आणि एक जण अर्धा पाऊल मागे उभा असेल, तर तो गेलाच. दोघांना एफ/५.६ ठेवा आणि त्यांचे डोळे सेन्सरपासून एकाच अंतरावर येतील असं उभं करा. रांगेत घेतलेल्या गटाला एफ/८. या वेळी तुमची २४-१०५ एफ/४ सुद्धा तेच काम करते.

एफ/४ झूमच्या बाजूने बोलणाऱ्या तुमच्या मित्राला मी हलक्यात घेणार नाही. परिसंवाद, बक्षीस समारंभ, भाषण अशा कामांत माणसं फार हलत नाहीत, १/२०० ते १/२५० पुरतं आणि एका स्टॉपचा फरक आयएसओमध्ये पचतो. वजनात तर जमीन-अस्मानाचा फरक. कॅननची आरएफ (त्यांच्या मिररलेस कॅमेऱ्यांची) ७०-२०० एफ/४ ६९५ ग्रॅमची आहे, त्यांचीच २०१९ ची आरएफ एफ/२.८ १०७० ग्रॅमची. तुमचं काम दिवसाउजेडी पोर्ट्रेट आणि परिसंवाद एवढंच असतं, तर मी डोळे मिटून एफ/४ सुचवली असती. नृत्यामुळे पारडं हलतं. अंधाऱ्या सभागृहात झपाट्याने हलणारी माणसं हा एकच असा प्रसंग आहे जिथे तो एक स्टॉप दरवेळी, प्रत्येक फोटोत लागतो. त्या उजेडात फोकसिंगही एफ/२.८ वर जास्त खात्रीने होतं, कारण सेन्सरपर्यंत पोहोचणारा उजेडच दुप्पट असतो.

वजनाबद्दल. खांदा दुखतो हे तुम्ही पत्रात अगदी ओझरतं लिहिलंय. मी ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं. चांगली गोष्ट ही की या लेन्स आता हलक्या झाल्या आहेत. सोनीची २०१६ ची ७०-२०० जीएम १४८० ग्रॅमची होती, २०२१ ची दुसरी आवृत्ती १०४५ ची आहे. टॅमरॉनची ७०-१८० एफ/२.८ पहिल्यांदा ८१० ग्रॅमची आली, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नव्हतं. २०२३ च्या जी२ या दुसऱ्या आवृत्तीत ते आलं आणि वजन ८५५ झालं. २०० ऐवजी १८० वर थांबायची तुमची तयारी असेल तर खांद्याच्या दृष्टीने ही फार मोठी सवलत आहे. जुनी दीड किलोची लेन्स स्वस्तात मिळतेय म्हणून घेणार असाल, तर आधी तीन तासांचा कार्यक्रम तिच्यावर काढून बघा. पहिला अर्धा तास कुणालाच काही वाटत नाही. दोन तासांनी डावं मनगट थरथरायला लागतं, मग आपण कॅमेरा खाली घेतो, आणि नेमकं तेव्हाच काहीतरी घडतं. मोनोपॉड वापरा. लेन्सला कॉलर (तिच्याभोवतीचं पकडकडं) असेल तर पट्टा कॅमेऱ्याला न लावता त्या कॉलरला लावा, म्हणजे माउंटवर, जिथे लेन्स कॅमेऱ्याला जोडते तिथे, ताण येत नाही. लेन्स डाव्या तळहातावर टेकवा, कोपर बरगडीला चिकटवा.

तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण ते कशातून आलंय हे समजतं. कार्यक्रमाच्या ठिकाणी मोठी लेन्स दिसली की संयोजक वाट देतात, हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे. मात्र पुढचं काम मिळतं ते दिलेल्या फोटोंवर. आणि वेळेवर दिलेल्या फोटोंवर. सगळे साठवलेले पैसे एका लेन्समध्ये घातल्यावर कार्यक्रमाच्या मध्यात तुमची एकुलती बॉडी बंद पडली तर काय, हा प्रश्न त्यांनी तुम्हाला विचारायला हवा होता. पैसे घेऊन कार्यक्रम करणाऱ्याजवळ दुसरी बॉडी असणं, मग ती जुनी का असेना, हे मी ७०-२०० च्या आधी धरते. शिवाय ७०-२०० लावली की तुमच्या हातात रुंद फ्रेम उरत नाही. पाहुणे अचानक तुमच्या शेजारून स्टेजकडे निघाले की तुम्ही फक्त त्यांचं नाक टिपू शकता. म्हणूनच कार्यक्रमवाले दोन बॉडी बाळगतात, एकीवर २४-७० किंवा २४-१०५, दुसरीवर ७०-२०० . एकाच बॉडीवर राहणार असाल तर सोनी आणि निकॉन झेड माउंटवर टॅमरॉनची ३५-१५० एफ/२-२.८ आहे. सोनीसाठीची ११६५ ग्रॅमची. लांब टोकाला ती तोकडी पडते, पण एकट्या माणसाच्या कामाला फार चपखल बसते.

आता मी तुमच्या जागी काय करेन ते सांगते.

आधी मागच्या सगळ्या कार्यक्रमांचे फोटो काढून बसा, आणि फक्त दिलेले, निवडलेले फोटो बघा. प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेंथ नोंदलेली असते, लाइटरूमसारख्या सॉफ्टवेअरमध्ये ती गाळूनही बघता येते. किती फोटो १०५ वर अडकलेत आणि त्यातले किती नंतर कापलेत? बहुतेक १०५ वर आणि कापलेले असतील, तर तुमची गरज खरी आहे. निवडलेले फोटो ३५ ते ८० मध्ये पसरलेले असतील, तर ती लेन्स तुम्हाला दुसऱ्याच्या हातात बघून हवीशी वाटतेय, आणि पैसे वाचलेले बरे.

मग ८५ एफ/१.८ घ्या. तुमचं बहुतांश काम पोर्ट्रेटचं आहे, आणि ते आज ५० आणि १०५ एफ/४ मध्ये अडलंय. ही लेन्स लहान आहे, हलकी आहे, बहुतेक सगळ्या ब्रँडमध्ये चांगली मिळते, आणि ७०-२०० पुढे आलीच तरी ती वाया जाणार नाही, खोलीत तीच वापरली जाईल. पुढचे नृत्याचे कार्यक्रम येतील तेव्हा ७०-२०० एफ/२.८ भाड्याने घ्या आणि ते भाडं कामाच्या रकमेत धरा. नमुना म्हणून घरी आणून फुलदाणीचे फोटो काढू नका, त्यातून काही कळत नाही. खऱ्या कार्यक्रमाला न्या, आणि शक्य असेल तर आदल्या दिवशी रंगीत तालमीला न्या, तिथे जागा बदलून बघता येते. कामं वाढून भाड्याने आणणं नेहमीचं झालं, तर विकत घ्यायची वेळ आली असं समजा. तोवर तुम्हाला २०० हवी की १८० वर भागतं, खांदा काय म्हणतो, हेही कळलेलं असेल.

याला अपवाद एक. तुम्हाला नृत्य आणि रंगमंचाचंच काम वाढवायचं असेल, पोर्ट्रेट हा फक्त मधला टप्पा असेल, तर ८५ वर न थांबता सरळ एफ/२.८ झूमसाठी पैसे बाजूला ठेवा. पत्रात नृत्याबद्दल लिहिताना तुमची वाक्यं लांबली आहेत आणि पोर्ट्रेटबद्दल आटोपती आहेत. मी चुकत असेन, पण हे स्वतःला विचारा.

सेकंडहँड हा मार्ग चांगला आहे, कारण या लेन्स टिकाऊ बांधणीच्या असतात. कॅननने ७०-२०० एफ/२.८ १९९५ मध्ये आणली आणि २००१ मध्ये तिला स्टॅबिलायझेशन दिलं, त्यामुळे बाजारात अनेक पिढ्या फिरतात. नेमकी कोणती आवृत्ती आहे ते विचारून घ्या. ईएफ, म्हणजे कॅननच्या जुन्या एसएलआर कॅमेऱ्यांच्या, लेन्स कॅननच्या अॅडॅप्टरने आरएफ बॉडीवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या जुन्या लेन्स झेड बॉडीवर लावणाऱ्या एफटीझेड अॅडॅप्टरवर मात्र ज्या जुन्या लेन्सना कॅमेऱ्यातली मोटर लागते, त्यांचा ऑटोफोकस चालत नाही. हातात आल्यावर टॉर्च मारून काचेतून आरपार बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ते फंगस आहे, परत द्या. थोडी धूळ चालते. २०० मिमीवर एफ/२.८ ला सपाट विटांची भिंत समोरून काढा आणि चारही कोपरे ताडून बघा. एकच बाजू मऊ आली तर आतली काच सरकलेली असू शकते, लेन्स कधीतरी पडलेली असणार. स्टॅबिलायझेशन चालू केल्यावर हलकी घरघर चालते, खडखड नको. पोर्ट्रेटसाठी घेत असाल तर जवळून फोकस करून २०० मिमीची फ्रेम तपासा. निकॉनच्या २००९ च्या व्हीआर २ आवृत्तीत जवळच्या अंतरावर २०० मिमीची फ्रेम बरीच रुंदावते, आणि घट्ट चेहरा हवा असणाऱ्यांना ते खटकतं.

टेलिकन्व्हर्टर आत्ता नको. २x लावला की ७०-२०० एफ/२.८ ची १४०-४०० एफ/५.६ होते. दोन स्टॉप गेले, म्हणजे ज्यासाठी एवढा खर्च केला तेच हातचं गेलं. दिवसाउजेडी मैदानावरच्या कामाला १.४x ठीक आहे, त्याने ती ९८-२८० एफ/४ होते. कॅननची २०१९ ची आरएफ एफ/२.८ तर टेलिकन्व्हर्टर घेतच नाही, कॅननचीच २०२४ ची झेड आवृत्ती घेते. यूव्ही फिल्टरही सभागृहात काढून ठेवा. समोरून दिवे येतात तेव्हा त्या जादा काचेमुळे दिव्यांची उलटी प्रतिबिंबं फोटोत उमटतात. पुढच्या काचेच्या रक्षणासाठी हूड (लेन्सच्या टोकावरचं आवरण) लावा, धक्का तोच आधी झेलतो.